आठ आणे आत्याचे

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आत्या मुंबईला, आंब्याच्या कलमांकडे कित्येक वर्षांत फिरकली नाही, फवारणी, खत, राखण सगळं तुम्हीच करता. मग तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली तर त्यात लोभ कसला, असं विचारतोस. चोरी नाही, दांडगाई नाही, हे मला मान्य आहे. पण चोरीसाठी दहा आज्ञांतली आठवी होतीच की! तरी देवाने 'लोभ धरू नको' ही दहावी दिली (कॅथलिक मोजणीत तिच्या नववी आणि दहावी अशा दोन होतात), कारण हात पुढे होण्याच्या कितीतरी आधी बिघडायला सुरुवात झालेली असते.

बायबलात निर्गम 20:17 पुन्हा काढ. घर, बायको, दास, दासी, बैल, गाढव अशी यादी आहे, आणि पुन्हा पुन्हा येणारा शब्द आहे 'शेजाऱ्याचा'. हापूसची कलमं हवीशी वाटण्यात पाप नाही. पाऊस लागला की नवी लाव. आत्याची हवीशी वाटतात ना? मग आधी मालकाचं नाव घे.

1 राजे 21 तुला पाठ असेल, पण सावकाश वाच. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाला कशाला हवा होता? घराला लागून आहे म्हणून, भाजीपाल्याला. बदल्यात त्याहून चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तो तयार होता. इथवर काही चुकलं नाही, विचारणं हा गुन्हा नव्हे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. अहाब घरी येऊन जेवण टाकून तोंड फिरवून पडला, आणि राणी ईजबेलीला सांगताना 'वाडवडिलांचं वतन' हे शब्द त्याने गाळले. म्हणे, 'तो मळा देत नाही'. हे गाळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढची खोटी पत्रं, राजाची मोहर, दोन साक्षीदार, दगडमार हे सगळं त्यानंतरचं. नाबोथ मेल्यावरही एलीया संदेष्ट्याला देव काय सांगतो? अहाब 'नाबोथाच्या मळ्यात' आहे. मालक मेला तरी नाव नाबोथाचंच.

तुझ्या पत्रात 'आमची बाग' आठ वेळा आहे आणि आत्याचा वाटा एकदाही नाही. तूही गाळतोयस!

आता हिशेब. मृत्युपत्र नव्हतं असं तूच लिहिलंस. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे आजोबा गेले तेव्हा आजीला एक तृतीयांश आणि उरलेलं बाबांना नि आत्याला सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही. पुढे आजी गेली, तिचा भागही तसाच. म्हणजे आठ आणे आत्याचे. 'बारा वर्षं ताबा आमचा' हे वाडीतलं बोलणं इथे चालत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांसाठीचा ताबा धरतात. तिचा हक्क उघड नाकारल्याशिवाय बारा वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. आणि तो उघड नाकारायला तुझी जीभ उचलेल? म्हणून तर गुपचूप सही हवी आहे. मला हट्टी म्हणतात, म्हणोत. अर्धं सांगून घेतलेली सही दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवली तरी मी तिला ईजबेलीचं पत्रच म्हणेन.

तुझी मेहनत खोटी नाही, तिचे पैसे माग. वही घे. हंगामात निघालेल्या पेट्या आणि आलेला भाव एका बाजूला. औषध, खत, मजुरी, राखण, पेटी-पेंढा, गाडीभाडं दुसऱ्या बाजूला. स्वतःची मजुरीही लाव, राखणदाराला देतोस त्या दराने, लाजू नकोस. उरेल त्याचे दोन भाग. मागच्या वर्षांचं जेवढं आठवतं तेवढंच लिही, अंदाजाचे आकडे भरू नकोस.

मग आत्याला पत्र लिही. सोबत सातबाऱ्याचा उतारा नि वहीची पानं जोड. तिचं नाव चढलेलं नसेल तर आधी वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दे, तिच्या नावासकट. तिचा भाग विकत हवा असेल तर बाजारभाव स्पष्ट लिहून विचार. ती 'नाही' म्हणाली तर त्या रात्री नीट जेव, आणि सकाळी बागेत जाऊन तिच्या कलमांनाही पाणी घाल.

हे पत्र आधी बाबांना वाचून दाखव. सहीची कल्पना त्यांची आहे की तुझी, हे तू मला लिहिलेलं नाहीस.

तुझा,
काका