बाटलीच्या आधी डबी तपासा

डोळा लाल आहे आणि खुपतोय असं लिहिलंत, तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा घालू नका. उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा दुखणं वाढत असेल, तर उद्यावर ढकलू नका. स्यूडोमोनास नावाचा जीवाणू बुबुळात शिरला, तर एक-दोन दिवसांतही व्रण पडतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. लेन्स स्वच्छ करायच्या सोल्यूशनची मुदत बाकी आहे, लेन्स रोज त्यातच ठेवता, मग बाटलीतच जंतू असतील का? असू शकतात, पण मला संशय लेन्स ठेवायच्या डबीचा आहे. सोल्यूशन वाया जाऊ नये म्हणून डबीतलं कालचं तसंच ठेवून वरून थोडं नवीन घालता, हे तुम्हीच लिहिलंय. कृपा करून हे आजपासून बंद करा. सोल्यूशनमधलं जंतुनाशक डोळ्याला झोंबू नये इतपतच घातलेलं असतं. रात्रभरात त्यातलं बरंचसं खर्ची पडतं. त्यावर नवीन ओतलं की तेही पातळ होतं आणि जे जंतू तगतात ते डबीला चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थराखाली औषध नीट पोचतच नाही. डॉक्टरांना दाखवून झाल्यावर रिकाम्या डबीच्या तळाशी आणि झाकणाच्या आट्यांत स्वच्छ बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर डबी टाकून द्या. मात्र बुळबुळीत लागलं नाही म्हणजे डबी स्वच्छ आहे असं समजू नका.

2006 साली बॉश अँड लॉम्ब कंपनीचं ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ हे सोल्यूशन जगभरातून मागे घेतलं गेलं. ते वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझेरियम बुरशीची लागण होत होती. अमेरिकेत तेव्हा 164 रुग्णांची खात्री झाली. न उघडलेल्या बाटल्यांत किंवा कारखान्यात मात्र ती बुरशी सापडली नाही. त्या सोल्यूशनमध्ये दोष होताच, पण डबीतलं जुनं सोल्यूशन पुन्हा वापरण्याची सवयही रुग्णांमध्ये जास्त आढळली.

म्हणून सकाळी डबीतून लेन्स काढल्या की डबी पूर्ण ओतून टाका, ताज्या सोल्यूशनने आतून चोळून धुवा, टिश्यूने पुसा आणि झाकणं उघडी ठेवून पालथी वाळवा. नळाचं पाणी नको, उकळून गार केलेलंही नको. पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो कवच करून बसला की साधी सोल्यूशन्स त्याच्यापुढे कमी पडतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. लेन्सला हात लावण्याआधी हात धुऊन कोरडे करायचे तेही याचसाठी. ‘चोळायची गरज नाही’ असं बाटलीवर असलं तरी लेन्स तळहातावर चोळाच. निम्मं काम त्यानेच होतं.

डबी दर तीन महिन्यांनी बदला. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, कारण छापलेली मुदत सीलबंद बाटलीची असते. बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नका, प्रवासासाठी छोट्या बाटलीत ओतून नेऊ नका. आणि सलाइन म्हणजे सोल्यूशन नव्हे; त्याने लेन्स खंगाळता येते, जंतू मरत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना लेन्स, डबी आणि बाटली आहे त्या स्थितीत सोबत न्या. धुऊ नका. बुबुळावरचा नमुना घेतला आणि त्यात काही उगवलं नाही, तर डबीतल्या नमुन्यावरून कोणता जंतू आहे याचा माग लागू शकतो.