‘टीचर, कुणाला सांगू नका’

बी.एड.ची इंटर्नशिप सुरू झाली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘मुलांशी मोकळं वागलं तर कॉलेजचे सर ओरडतात, अंतर ठेवलं तर मुलं बोलत नाहीत. वागायचं तरी कसं?’ उत्तरादाखल एका मुलीची हकिकत सांगते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती टिटवाळ्याची. परळच्या एका मराठी शाळेत सकाळच्या सत्राला पहाटेच्या लोकलने यायची. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा. त्यातले १६ दुसऱ्या वर्षात, म्हणजे मुलांचा लळा लागायला भरपूर वेळ. पाठांची टाचणं नीटनेटकी, मस्टरवर सही वेळेत. तक्रारीला जागाच नव्हती.

नववीच्या मुलांनी तिला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं. तिने रिक्वेस्ट स्वीकारल्या. ‘सगळ्यांच्याच असतात ना, मॅडम.’ एका रात्री एका मुलाचा मेसेज आला: वडील पिऊन येतात, पट्ट्याने मारतात. टीचर, कुणाला सांगू नका. तिने लिहिलं, ‘प्रॉमिस.’

मग रोज मध्यरात्रीपर्यंत चॅट. हिची झोप उडाली, पाठ फसायला लागले. मुलगा शाळेत येईनासा झाला तेव्हा त्याच्या मित्राने वर्गशिक्षिकेला सांगितलं, ‘बी.एड.च्या टीचरना सगळं माहितीये.’ तक्रार कॉलेजपर्यंत गेली. माझ्यासमोर बसली तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. ‘मी त्याचा विश्वास जपला. यात माझं काय चुकलं?’

तिची माया खरी होती, ते मी आधी कबूल केलं. पण दिलेलं वचन तिच्या हातातलं नव्हतं. इंटर्नशिप संपली की ती जाणार, मुलगा त्याच घरात राहणार. त्याच्या पाठीशी उभं राहायचं तर वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक अशी शाळेत टिकून असणारी माणसं हवीत. छात्राध्यापिका शाळेत असते ती दुसऱ्याच्या वर्गात, दुसऱ्याच्या जबाबदारीवर. साडी, वेळ, टाचण हे सगळे बजावतात; हे मात्र कुणी धड सांगत नाही, आणि याचा मला राग येतो.

कायद्याचंही तिला ठाऊक नव्हतं. प्रकरण लैंगिक अत्याचाराचं असतं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं, ते छात्राध्यापकालाही. इथे मारहाण होती, म्हणून आधी मुख्याध्यापक आणि गरज पडली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. (शाळेतल्याच कुणी छडी उगारली तर काय, असंही छात्राध्यापक विचारतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला मनाई आहे. तेही गप्प बसून बघायचं नसतं, आपल्या कॉलेजच्या मार्गदर्शकांना सांगायचं.)

काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. ‘तू मला सांगितलंस ते बरं केलंस. पण हे मनात ठेवून मी एकटी तुला मदत करू शकत नाही. आपण दोघं बाईंकडे जाऊ.’ मुलगा परत शाळेत आला तेव्हा ती हे ऑफ तासाला, व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर बोलली. तो म्हणाला, ‘तुम्हीपण तसल्याच.’ नेमकी हीच भीती तिला होती. पण बाईंकडे तो गेला.

इन्स्टाग्रामवरून मुलांना काढताना तिने वर्गात कारण सांगितलं. थोडी कुरकुर झाली, संपलं.

मुख्याध्यापकांनी त्याच्या आईला बोलावून घेतलं. सध्या तो लालबागला आजीकडे राहतो, शाळेत चालत येतो. हिच्याशी बरेच दिवस बोलला नाही. हिने उरलेले पाठ पूर्ण केले. अंतर्गत गुण थोडे कापले गेले म्हणून कॉलेजवर ती अजून रागावलेली आहे, आणि तिचा तो राग मला रास्त वाटतो.