मुलांच्या चित्रकलेतलं प्लास्टिक कमी कसं करावं?

तुमचा प्रश्न: कोल्हापुरात राहता, मुलं सात आणि दहा वर्षांची, चित्रं आणि मातीकाम दोन्हींची आवड. घरात ग्लिटर, थर्माकोल, ॲक्रिलिकच्या बाटल्या साठल्यात. काय बदलावं?

आधी एक सांगतो, बीट-पालकाच्या रंगांच्या नादी लागू नका. बीट दोन-चार दिवसांत तपकिरी पडतं, हळद उन्हात उडते. टिकतात ते मातीचे रंग. गेरूचे खडे आणा, कुटा, पातळ सुती कापडातून चाळा. काळ्यासाठी लाकडी कोळसा उगाळा. दिव्याची काजळी तेलकट असते, पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. पांढऱ्यासाठी खडूची पूड चालते. ओली असताना ती दिसतच नाही, वाळल्यावर उठते. मुलं घाईनं थरावर थर देतात, ते थांबवा. निळा-हिरवा घरी जमवण्यात अर्थ नाही, वडीचे वॉटरकलर घ्या. वडी सुकली तरी ओल्या ब्रशनं पुन्हा चालते. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, एकदा सुकलं की गेलं.

शेंदूर मात्र मुलांच्या हाती अजिबात नको, त्यात शिसं असतं. खायचा चुनाही नको, डोळ्यात गेला तर भाजतो.

रंग बांधायला डिंक. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा. हे पाणी आणि गेरूची पूड समसमान घेऊन पाट्यावर किंवा जाड काचेवर घोटा. मग कागदावर एक पट्टी ओढून वाळू द्या. बोटाला पूड लागली तर डिंक कमी पडला. पट्टी चकाकून तडकली तर जास्त झाला, अशा वेळी पूड वाढवा आणि दोन थेंब मध घाला. मधाऐवजी काकवी चालते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात रंग चिकट राहतो आणि मुंग्या ठरलेल्या. एका वेळी करवंटीभरच करा, डिंकाला लवकर बुरशी येते.

चिकटवायला खळ: पोह्याचे चार चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, उतरवताना चिमूटभर तुरटी. पाणी आधी गरम केलंत की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. जड पुठ्ठ्याला मात्र ती पुरत नाही, तिथं दोरीनं बांधायला शिकवा.

माती शाहूपुरी किंवा बापट कॅम्पातल्या कुंभारांकडे विचारा. बेंदराच्या आधी बैल करायची लगबग असते, तेव्हा तयार मळलेली मिळू शकते. ओल्या गोणपाटात गुंडाळून डब्यात ठेवा. मोडलेली खेळणी पुन्हा वापरायची तर आधी पूर्ण कडक वाळू द्या, मग फोडून भिजवा. अर्धवट ओली माती पाण्यात विरघळत नाही, आत गोळे राहतात. ऑइल पेंट लावलेली माती परत मळता येत नाही, गेरूची येते. प्लास्टर ऑफ पॅरिस तर पुन्हा भिजतच नाही.

मातीचे हात सिंकमध्ये धुऊ नका, बादलीत धुवा. गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना. ॲक्रिलिकच्या उरलेल्या बाटल्या फेकू नका, संपवा. फक्त ब्रश आधी रद्दीवर पुसून घ्या आणि मगच धुवा. ती रद्दी सुक्या कचऱ्यात. नाहीतर तो रंग गटारातून जयंती नाल्याच्या वाटेनं पंचगंगेकडेच जायचा.

कागदासाठी छापखान्यात विचारा, कटिंगच्या जाड पट्ट्या भरपूर उरतात. पाठकोरे कागद झेरॉक्सच्या दुकानातही मिळतात. पातळ असतात, पाण्याच्या रंगानं सुरकुततात, म्हणून ते पेन्सिल-कोळशालाच ठेवा.

ग्लिटर आणि थर्माकोलला काही युक्ती नाही. असलेलं बंद डब्यात ठेवा, नवं आणू नका. चमक हवीच असेल तर मिठाईच्या खोक्याचा चकचकीत कागद कात्रीनं बारीक कापून खळीनं लावा.