वाचक विचारतात : दहा माणसांचा किराणा

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब आहे, मुलं धरून दहा माणसं. दर महिन्याला मॉलमधून किराणा आणतो. सासूबाई म्हणतात, इतवारीच्या ठोक बाजारातून सालभराचं एकदम भरा. खरंच परवडतं का?
(एक गृहिणी, महाल, नागपूर)

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं गव्हापुरतं पूर्ण बरोबर आहे, डाळ-तांदळापुरतं अर्धं, आणि तेलाच्या बाबतीत मुळीच ऐकू नका.

आधी घरचा खप मोजा. महिनाभर दळण आणलं की तारीख आणि वजन कॅलेंडरवर लिहा. दोन्ही वेळा पोळ्या होत असतील तर दहा माणसांना रोज दीड किलोच्या आसपास कणीक लागते, म्हणजे महिन्याला 45 किलो, वर्षाला साडेपाच क्विंटल. तेवढी कोरडी जागा नसेल तर निम्माच भरा.

गहू एप्रिलमध्ये घ्या, नवा माल आलेला असतो. रोजच्या पोळीला लोकवन पुरे. शरबती गोड लागतो खरा, पण मुलांच्या डब्यासाठी तेवढे पैसे मोजायची गरज नाही. पोत्याच्या तोंडाशी दिसणारा दाणा पाहून सौदा करू नका. परखी (धान्याचा नमुना काढायची पोकळ सळई) खालपर्यंत खुपसून नमुना काढायला सांगा आणि दाणा दाताखाली धरा. कट्‌कन फुटला तर वाळलेला, नुसता चेपला तर ओल आहे. घरी आणल्यावर दोन दिवस ऊन द्या आणि मग रात्रभर घरात पसरून ठेवा. बहुतेक घरांत चुकतं ते इथेच. उन्हातून काढून गरम गहू तसाच कोठीत ओतला की आत वाफ धरते आणि पावसाळ्यात सोंडे होतात.

तूरडाळ जानेवारी ते मार्चमध्ये, नव्या तुरीची आवक असताना घ्या, पण सहा महिन्यांचीच. फटका डाळ दिसायला सुरेख आणि महाग. घोटलेल्या वरणात स्वस्तातली फोड डाळ वेगळी ओळखूही येत नाही. किलोला चमचाभर एरंडेल तेल हाताने चोळून भरा, शिजवताना कोमट पाण्याने धुऊन घ्या. धान्याची कीड मारायला पारद (पाऱ्याच्या) गोळ्या किंवा गोदामातल्या सेल्फॉसच्या गोळ्या कुणी कितीही सुचवल्या तरी घरात आणायच्या नाहीत. सेल्फॉसच्या गॅसने झोपेत माणसं दगावतात.

तांदूळ दोन-तीन महिन्यांचाच घ्या, आणि जुना. दिवाळीनंतर येणारा नवा तांदूळ स्वस्त असतो, पण भाताचा गोळा होतो आणि फुगतही कमी. रोजच्या भाताला एचएमटी, खिचडी-इडलीला स्वर्णा किंवा कणी. तांदळाला ऊन देऊ नका, दाणा तडकतो. दुकानात 26 आणि 30 किलोचे कट्टे का दिसतात, असंही अनेकजण विचारतात. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबलबंद धान्यावर 5 टक्के जीएसटी लागू झाला, 25 च्या वरच्या कट्ट्याला तो नाही, त्यातून ही वजनं आली. म्हणून कट्ट्याचा भाव विचारू नका, किलोचा विचारा.

ऑटोचं भाडंही हिशेबात धरा. किलोमागे 3 रुपये वाचले तर 50 किलोत 150 होतात. ऑटोला 200 गेले की सगळं मुसळ केरात. दोन-तीन घरांनी मिळून एक फेरी केली तरच मस्कासाथ-इतवारी परवडते.

प्रश्न : तेलाचे 15 किलोचे आणि 15 लिटरचे डबे सारखेच दिसतात. कोणता घ्यावा?
(एक वाचक, नंदनवन)

उत्तर : एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर. समजा, लिटरचा डबा 2,100 रुपयांना आणि किलोचा 2,250 ला आहे. पहिला किलोला सुमारे 154 रुपये पडला, दुसरा 150. महाग दिसणारा डबाच स्वस्त निघाला! पाउचवरही निव्वळ वजन वाचा, 800-850 ग्रॅमचे पाउच एक लिटरवाल्यांच्या शेजारीच रचलेले असतात.

फोडलेला डबा दोन महिन्यांत संपेल एवढंच तेल घ्या. नागपूरच्या मे महिन्यात गॅसजवळ ठेवलेलं तेल लवकर खवट होतं. डबा सावलीत ठेवून आठवड्यापुरतं बरणीत काढा.

प्रश्न : डिसेंबरात कांद्याचा कट्टा घेतला, अर्धा सडला. काय चुकलं?
(एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : हंगाम चुकला. डिसेंबरात येणारा खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्याचा आठवड्यालाच घ्यावा. साठवायचा तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमध्ये येणारा. मान बारीक आणि सुकलेली, पापुद्रा कोरडा, आकार मध्यम असा निवडला तर चार महिने जातो. जाड मानेचे कांदे आधी खायला काढा, सड तिथूनच सुरू होते. कट्टा घरी येताच सोडून जाळीवर पसरा आणि दर आठवड्याला हात फिरवून मऊ लागेल तो उचला. बटाटे दुसऱ्या खोलीत ठेवा.