लस घेतली होती, तरी अडवलं का?

प्रश्न: कोविडमध्ये दोन्ही डोस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांनाही काही देशांनी एंट्री दिली नाही, असं का?

उत्तर: कारण नुसती लस पुरत नव्हती हो, ती कुठली, कधी घेतली आणि सर्टिफिकेट तिथल्या सिस्टीमला वाचता येतंय का हे सगळं बघायचे. अमेरिकेचंच घ्या, ८ नोव्हेंबर २०२१ पासून विमानाने येणाऱ्या परदेशी लोकांना पूर्ण लसीकरण लागायचं, शेवटच्या डोसला १४ दिवस झालेले हवेत आणि लस त्यांच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) किंवा डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटना) मान्य केलेली हवी, हा नियम थेट मे २०२३ मध्ये गेला. युरोपियन युनियनने तर फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासासाठी पहिल्या दोन डोसना २७० दिवसांची मुदतच घातली, पुढे बूस्टर घ्या. मला हे फार अन्यायाचं वाटलं, ज्या देशात जी लस मिळाली ती माणसाने घेतली, त्यात त्याची काय चूक?

याउलट यलो फीव्हरच्या (डासांमुळे पसरणारा पीतज्वर) लसीचं प्रवासासाठीचं कार्ड बघा, डोसनंतर १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं, सगळीकडे एकच नमुना. कोविडला असं एक जागतिक कार्ड झालंच नाही, त्यात पासपोर्टवरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव जुळलं नाही की अजून गोंधळ.