विषाणू की वेदना?

अनेक आशीर्वाद.

विषाणूंवर काम करणाऱ्या गटात जावं की वेदनेवर, असं तू विचारलं आहेस. औषधांचे रेणू तू दोन्हीकडे बनवशील. दोन्हीकडे तुला छळणारा प्रश्नही एकच असेल: हा रेणू नको तिथे काय करतो?

असायक्लोव्हिर हे हर्पिस विषाणूवरचं औषध तू मुळापासून अभ्यास. औषधशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेतलं हे औषध. ग्वानोसिनशी साधर्म्य असलेला हा रेणू शरीरात जातो तेव्हा निष्क्रिय असतो. त्याला पहिला फॉस्फेट जोडतं ते हर्पिस विषाणूचं स्वतःचं थायमिडिन कायनेज हे एन्झाइम. आपल्या पेशीतल्या एन्झाइमना ते जवळजवळ जमतच नाही. पुढचे दोन फॉस्फेट आपलीच एन्झाइम चढवतात. मग तो विषाणूच्या डीएनएत शिरतो आणि साखळी तिथेच थांबते, कारण पुढचा दुवा ज्याला जोडायचा तो हायड्रॉक्सिल गट या रेणूत नाही. म्हणजे औषध जागं होतं ते मुख्यतः बाधित पेशीतच. या विषयातली इतकी सुंदर कल्पना मला दुसरी माहीत नाही. तरी तोंडावाटे घेतल्यावर त्याचा पाचवा हिस्साही धड रक्तात पोहोचत नव्हता. व्हॅलिन जोडून वॅलासायक्लोव्हिर केलं तेव्हा ते बरंच सुधारलं.

वेदनेत परका कुणी नाही. मज्जातंतू आपलेच, त्यांचा संदेश पुढे नेणारी दारं, म्हणजे सोडियम चॅनेल, तेही आपलेच. त्यांचे 1.1 ते 1.9 असे नऊ प्रकार आहेत आणि हृदय, मेंदू, स्नायू त्यांच्यावरच चालतात. लिडोकेन त्यांच्यात फारसा भेद करत नाही, म्हणून दंतवैद्य ते हिरडीपुरतंच टोचतात. 2006 साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मतः वेदनाच न जाणवणारी माणसं अभ्यासली गेली. दोष होता 1.7 या चॅनेलच्या जनुकात. लक्ष्य याहून स्पष्ट काय असणार? अनेक कंपन्या त्यामागे लागल्या, पण रुग्णांवरच्या चाचण्यांत रेणूंनी निराशा केली. शेवटी 1.8 वर नेमकं बसणारं सुझेट्रिजिन जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, शस्त्रक्रियेनंतरच्यासारख्या तीव्र वेदनेसाठी. तेच औषध सायटिकासारख्या दुखण्यात दिलं, तर औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. विषाणू मोजता येतो. उंदराला किती दुखतंय ते मात्र त्याने पाय कधी उचलला यावरूनच ताडावं लागतं.

तरीही मी तुला वेदनेकडे जा म्हणेन. ओपिऑइडचं, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचं, व्यसन न लावता मोठं दुखणं शमवणारी औषधं फार थोडी आहेत, आणि जीवशास्त्रज्ञांपाशी तासन्‌तास बसायची तुला मुळातच आवड आहे. इथे ती लागेल. निष्प्रभ निघालेली संयुगंही तितक्याच काळजीने शुद्ध कर आणि नोंदव. रेणूचा कोणता भाग कामाचा, हे त्यांच्यावरूनच कळतं. नॅनोमोलर आकडा आला, म्हणजे अगदी सूक्ष्म मात्रेत परिणाम दिसला, की आधी विद्राव्यता बघ, म्हणजे संयुग नीट विरघळतं का ते.

मुलाखतीला जाशील तेव्हा त्यांना एवढं विचार: हृदयातल्या 1.5 वरची चाचणी तुम्ही नव्या संयुगावर केव्हा करता, पहिल्या आठवड्यात की वर्षाअखेरीस? काय सांगतात ते मला कळव.