हातात किती पडले?

वाचकांचे प्रश्न

परदेशी असलेल्या घरच्या माणसांना नियमित पैसे कसे पाठवावेत, कमी खर्चात कसे पाठवावेत, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतली तीन येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेल्या अडचणी इतर अनेक पत्रांतही आहेत.

प्रश्न: माझी मुलगी जर्मनीत आखेनला एमएस करते. पहिल्या वर्षाचे पैसे व्हिसाच्या नियमाप्रमाणे गोठवलेल्या खात्यात एकदम भरले होते. आता दुसऱ्या वर्षी मी निवृत्तिवेतन आणि ठेवींवरचे व्याज यांतून दरमहा ५० हजार रुपये पाठवतो. बँक ‘शुल्क शून्य’ असे सांगते. तरीही गेल्या महिन्यात पावतीवर ४८७ युरो होते आणि मुलीच्या खात्यात ४६९ जमा झाले. तिच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे नोकरी करतात आणि त्यांना पुण्यात वडिलांना पैसे पोहोचवायचे असतात. ते म्हणतात, ‘तुम्ही इथे वडिलांना रुपये द्या, मी तिथे मुलीला युरो देतो, म्हणजे दोघांचाही खर्च वाचेल.’ असे करावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. असे करू नका. दोन्ही बाजूंची माणसे सज्जन असली आणि एक पैसाही कोणी खाल्ला नाही, तरी इथे रुपये देऊन त्याच्या बदल्यात तिथे परकीय चलन घेणे हा विदेशी चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे ‘फेमा’चा भंग ठरतो, आणि त्यासाठी व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी याहून व्यावहारिक अडचण आहे. तुमच्या मुलीला निवास परवान्याचे नूतनीकरण करताना खर्चाचे पैसे कोठून येतात हे दाखवावे लागते. वडिलांच्या खात्यातून दरमहा आलेल्या रकमांचा उतारा हा तिथे सरळ पुरावा आहे. ओळखीच्या, पण नात्यात नसलेल्या माणसाने दिलेल्या युरोंचा खुलासा ती काय करणार? त्या गृहस्थांच्या खात्यात पैसे कोठून आले याची खात्री तुम्हालाही देता येणार नाही आणि तिलाही नाही. उद्या त्या खात्याची चौकशी लागली, तर परक्या देशात एकट्या राहणाऱ्या मुलीला त्या चौकशीला तोंड द्यावे लागेल, आणि एवढ्या किमतीची बचत यात मुळीच नाही.

आता तुमचे पैसे कोठे गळतात ते पाहू. गळती दोन ठिकाणी आहे, आणि ‘शुल्क शून्य’ या दोन शब्दांत त्यांपैकी एकीचाही उल्लेख नाही.

पहिली गळती दरात आहे. मी बँकेच्या परकीय चलन विभागात बसत असे, तेव्हा समोर येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचा प्रश्न ‘चार्जेस किती?’ एवढाच असे, आणि ‘आज युरो कितीला लावणार?’ असे विचारणारा क्वचित भेटे. समजा, त्या दिवशी बाजारात युरो १०० रुपयांना आहे आणि बँक तुम्हाला तो १०२ रुपये ५० पैशांना देते. बाजारभावाने तुमच्या ५० हजारांचे ५०० युरो झाले असते, ते ४८७ झाले. म्हणजे बाराशे रुपयांहून अधिक रक्कम तुमच्या नकळत गेली, आणि ती ‘शुल्क’ या रकान्यात नसल्यामुळे पावतीवर शून्य लिहिणे बँकेला सहज शक्य झाले. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, कारण दर पावतीवर छापलेला असतो. मात्र तो बाजारभावाशी ताडून पाहण्याचे काम तुमचेच आहे.

दुसरी गळती वाटेत आहे. पावतीवरचे ४८७ आणि खात्यातले ४६९ यांतले १८ युरो मधल्या बँकेने कापलेले दिसतात. तुमच्या बँकेचे मुलीच्या बँकेशी थेट खाते नसेल, तर स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय निरोप यंत्रणेवरून पैसे एका किंवा दोन मध्यस्थ बँकांमधून जातात, आणि प्रत्येक बँक आपला वाटा काढून घेते. फॉर्मवर खर्च कोणी सोसायचा याचे तीन पर्याय असतात: सगळा पाठवणाऱ्याने, दोघांनी वाटून, किंवा सगळा घेणाऱ्याने. बहुतेक जण हा रकाना न वाचता सही करतात, आणि वाटून घेण्याचा पर्याय आपोआप लागू होतो. पुढच्या वेळी ‘सगळा पाठवणाऱ्याने’ या पर्यायाचे इथे किती पडतात ते विचारून घ्या. ते १८ युरोंपेक्षा कमी असतील तर तोच पर्याय निवडा.

या कपातीचा एक विशेष असा की, रक्कम लहान असो की मोठी, ती साधारण तेवढीच राहते. त्यामुळे दरमहा पाठवण्याऐवजी तीन महिन्यांचे एकदम पाठवावेत असे माझे मत आहे. वर्षाला बारा वेळा १८ युरो म्हणजे २१६ युरो जातात, चार वेळा पाठवले तर ७२ जातात. उरलेल्या १४४ युरोंत विद्यार्थ्याचा काही आठवड्यांचा किराणा सहज येतो. तिमाहीचे पैसे मुलगी पहिल्याच महिन्यात खर्च करील अशी शंका काही पालक कळवतात. पहिले वर्ष तिने गोठवलेल्या खात्यातून दरमहा ठरावीक रकमेत काढले आहे. आज त्या खात्याची अट वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो अशी आहे. ठरावीक रकमेत महिना काढण्याची शिस्त त्या नियमाने तिला लावलेली असणार, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवा.

रुपयाचे युरो करताना त्या रूपांतरावर जीएसटीही लागतो, पण तो फार नाही. ५० हजारांवर तो ९० रुपये होतो आणि दीड लाखावर २२५ रुपये. म्हणजे इथेही एकदम पाठवणे थोडे स्वस्तच पडते.

टीसीएसची, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराची, धास्ती अनेक पत्रांतून दिसते, आणि तुमच्या बाबतीत तिला कारण नाही. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस वसूल करत नाही. त्याआधी ही मर्यादा ७ लाख होती. तुमचे वर्षाचे ६ लाख होतात. मात्र ही मर्यादा तुमच्या पॅनवर मोजली जाते, त्यामुळे वेगवेगळ्या बँकांतून पाठवलेले पैसे आणि सहलीसाठी कार्डावर भरलेले परकीय चलन हे सगळे त्यात धरले जाते. मर्यादा ओलांडण्याची वेळ आलीच, तर काही रक्कम मुलीच्या आईने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर पाठवावी. टीसीएस वसूल झाला तरी तो बुडत नाही. तो तुमच्या नावावर जमा दिसतो आणि विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पैसे पाठवण्याचे कारण लिहिताना ‘शिक्षण’ हेच लिहा, कारण मर्यादेपलीकडे शिक्षणासाठीचा टीसीएसचा दर घरखर्चासाठीच्या दरापेक्षा बराच कमी आहे.

शेवटी प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात, तीन ठिकाणी विचारा: तुमची बँक, दुसरी एखादी मोठी बँक, आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला परकीय चलन व्यापारी, कारण शिक्षणासाठीचे पैसे त्यांच्याकडूनही पाठवता येतात. तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या खात्यातून सर्व मिळून दीड लाख रुपये गेले, तर मुलीच्या खात्यात किती युरो जमा होतील?’ शुल्क, दर, जीएसटी, मधली बँक हे सगळे त्या एका आकड्यात येते. तुमचे खाते सहकारी बँकेत असेल, तर परकीय चलनाचा परवाना तिचा स्वतःचा आहे की ती दुसऱ्या बँकेमार्फत पैसे पाठवते, हेही विचारा. कोपऱ्यावरच्या दुकानावर ‘मनी ट्रान्सफर’ अशी पाटी दिसते म्हणून काही वाचक तिथे चकरा मारतात. त्या योजनेतून परदेशातले पैसे भारतात येतात, इथून बाहेर जात नाहीत.

प्रश्न: माझी बहीण सिंगापूरला असते. तिच्या यजमानांची नोकरी गेल्यामुळे काही महिने तिला २० हजार रुपये पाठवण्याचे ठरवले आहे. एवढ्या लहान रकमेवर बँकेचा खर्च फार वाटतो. दुसरा मार्ग आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आहे, आणि सिंगापूरसाठी तो विशेष सोयीचा आहे. २१ फेब्रुवारी २०२३ पासून आपली यूपीआय व्यवस्था सिंगापूरच्या पेनाऊ या व्यवस्थेशी जोडलेली आहे. बहिणीचा पेनाऊला जोडलेला मोबाइल क्रमांक घालून तुम्ही फोनवरूनच पैसे पाठवू शकता. सुरुवातीला स्टेट बँक, इंडियन बँक, इंडियन ओव्हरसीज बँक आणि आयसीआयसीआय बँक यांच्या ग्राहकांना इथून पैसे पाठवण्याची सोय मिळाली. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये ती आहे का ते पाहा. दिवसाची मर्यादा ६० हजार रुपयांची आहे, त्यामुळे तुमच्या रकमेला अडचण नाही. कारण ‘नातेवाइकांचा उदरनिर्वाह’ असे निवडा. ही रक्कमही तुमच्या पॅनवरच्या वार्षिक हिशेबात धरली जाते. पहिल्या खेपेला पाचशे रुपये पाठवा, पडद्यावर बहिणीचेच नाव दिसते का ते पाहा, तिच्याकडून किती डॉलर मिळाले ते विचारून घ्या, आणि मग उरलेले पाठवा.

प्रश्न: माझ्या हापूसच्या बागेत दरवर्षी सहा नेपाळी गडी दिवाळीच्या सुमारास येतात आणि पाऊस लागेपर्यंत राहतात. मजुरी ते माझ्याकडेच ठेवायला सांगतात आणि जाताना एकदम रोख नेतात. गेल्या वर्षी परतीच्या रेल्वेत एकाची पिशवी कापली आणि हंगामाची जवळजवळ सगळी कमाई गेली. घरी त्याची बायको आणि म्हातारी आई आहे. यंदा काय करता येईल? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर: तुमचे पत्र वाचून फार वाईट वाटले, आणि एक मालक हा प्रश्न विचारतो आहे याचे समाधानही वाटले. नेपाळ समुद्रापलीकडे नसला तरी परदेशच आहे, आणि तिथे पैसे पाठवण्याची एक स्वस्त सरकारमान्य सोय २००८ पासून आहे. दुर्दैवाने, ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यापर्यंत तिची माहिती क्वचितच पोहोचते.

तिचे नाव इंडो-नेपाळ रेमिटन्स फॅसिलिटी. एनईएफटीची सोय असलेल्या शाखेतून भरलेले पैसे भारतीय स्टेट बँकेमार्फत काठमांडूच्या नेपाळ एसबीआय बँकेकडे जातात. घरच्यांचे त्या बँकेत खाते असेल तर पैसे खात्यात जमा होतात. नसेल तर तिथल्या मनी ट्रान्सफरच्या केंद्रातून ओळख पटवून रोख मिळतात. भारतात खाते नसलेल्या माणसालाही काउंटरवर रोख भरून एका वेळी ५० हजार रुपयांपर्यंत, वर्षाला बारा वेळा पाठवता येतात. खात्यातून पाठवायचे असतील तर मर्यादा २ लाखांची आहे. खर्च साधारण शंभर रुपयांच्या आत राहतो, आणि घरच्यांचे त्याच बँकेत खाते असेल तर त्याहूनही बराच कमी.

पहिल्या उत्तरात सांगितलेली दराची गळती इथे नाही. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १ रुपयाला १ रुपया ६० पैसे या दराने बांधलेला आहे. २० हजारांचे तिथे ३२ हजारच झाले पाहिजेत. कोणी मध्यस्थ एक रुपया पंचावन्न पैसे अशी भाषा करू लागला, तर तो २० हजारांमागे हजार नेपाळी रुपये स्वतःच्या खिशात घालतो आहे, हे गड्यांना समजावून सांगा.

तुम्ही स्वतः काय करावे तेही लिहितो. मजुरी हंगामाच्या शेवटी एकदम न देता दर महिन्याला द्या, आणि त्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी देऊन गड्यांना घेऊन बँकेत जा. पैसे तुमच्या नव्हे, त्यांच्या नावाने जाऊ द्या, म्हणजे पावती त्यांची राहील. ओळखीच्या पुराव्यांत मालकाने फोटो लावून दिलेला दाखलाही धरला जातो, म्हणून तसा दाखला आधीच तयार ठेवा, आणि सोबत त्यांची ‘नागरिकता’, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाचा दाखला असू द्या. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ही सोय माहीत नसण्याची शक्यता आहे. त्याने नाही म्हटले म्हणून परत फिरू नका, शाखा व्यवस्थापकांना भेटा, आणि जमल्यास तालुक्याच्या गावातली स्टेट बँकेचीच शाखा गाठा.

फॉर्म भरताना नावाकडे फार लक्ष द्या. बायकोच्या नागरिकतेवर ‘बिष्ट’ असेल आणि इथे ‘विष्ट’ लिहिले गेले, तर डोंगरातल्या गावातून एक दिवस चालून केंद्रावर आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत जावे लागेल. तिच्या नागरिकतेचा फोटो फोनवर मागवून घ्या आणि त्यात पाहून एकेक अक्षर लिहा. पैसे भरल्यावर व्यवहाराचा क्रमांक मिळतो, आणि रोख घेताना तो सांगावा लागतो. गड्याने तो तिथूनच फोन लावून बायकोला वाचून दाखवावा, तिने लिहून घेऊन पुन्हा म्हणून दाखवावा, आणि पैसे मिळाल्याचा तिचा फोन येईपर्यंत ती पावती तुम्ही तुमच्या कपाटात जपून ठेवा.